ताणावरच्या बागेचा फोटो

शेवंताबाई घागरे यांच्यावर अन्याय झाला तो संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, त्यांच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागेत. एका सरकारी खात्याची जीप तिगावकडून आली. फोटोग्राफर बॉनेटवर चढला आणि खाली उभ्या शेवंताबाईंना म्हणाला, "बाई, जरा हटिए, फ्रेम में आ रही हैं." बाई हटल्या. महिना उलटायच्या आत त्यांची बागही हटवायची तयारी झाली.

तो फोटो छापून खात्याने एक पुस्तिका काढली. संत्र्यासाठी गोदामं आणि ट्रकतळ बांधायचा आहे, त्याला जमीन हवी, असा मजकूर. फोटोखाली ओळ: 'मृतप्राय बगीचे, अनुपयोगी भूमि.' म्हणजे मेल्यात जमा बाग, बिनकामाची जमीन. संत्रं ठेवायला जागा नाही म्हणून संत्र्याची झाडं तोडायची. एवढा विचार करायला यांना पगार मिळतो.

मी पांढुर्ण्याला एका फोटो स्टुडिओत काम करतो; इथे गाव मराठी बोलतं, सरकार हिंदी. पासपोर्ट फोटो, बारसं, लग्न. उरलेल्या वेळात पत्रकं लिहितो आणि बाजारात वाटतो. शेवंताकाकू ती पुस्तिका घेऊन थेट स्टुडिओत आल्या.

"तूच का तो पत्रकंवाला?"

"हो काकू."

"मंग आता पत्रक नको लिहू. फोटो काढ. त्यायनं फोटोनं मारलं, आपण फोटोनंच उत्तर देऊ."

ज्यांना संत्र्याचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, धरायचा तर झाडाला आधी तहान लावावी लागते. थंडीत पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड आजाऱ्यासारखं दिसतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. संक्रांतीच्या सुमाराला पाणी देतात, आणि तहानलेलं झाड फुलांनी लदबदून येतं. सौंसर-पांढुर्ण्यात हे लहान पोरालाही ठाऊक. पण जीपवाल्यांनी कुणाला विचारलंच नाही. विचारायला जी बाई समोर होती तिला त्यांनी फ्रेमबाहेर काढलं होतं.

या 'फ्रेमबाहेर'चा मला फार राग आहे. हल्ली निसर्गाचे फोटो काढायची लाट आली आहे. कॅलेंडरवर डोंगर, नदी, सूर्यास्त, आणि माणूस औषधाला नाही. माणूस आला की म्हणे निसर्ग खराब होतो. अरे, या बागेतलं एकेक झाड कुणीतरी कलम बांधून लावलंय. आळं खणलंय, आळ्यात शेण टाकलंय. खणणारीला बाजूला सारा आणि मग खुशाल छापा की इथे कुणी नाही.

हरकती ऐकायची सभा महाशिवरात्रीनंतर लगेच होती. काकूंची बाग त्याच्या आठवडाभर आधी ऐन फुलावर येणार होती. पण पांढरी बारीक फुलं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धड दिसत नाहीत, नुसते ठिपके येतात. कलर रोल हवा होता. आमचे मालक गजाननभाऊ यांच्या कपाटात तो एकच होता.

"तो ठेकेदाराच्या पोरीच्या लग्नाचा आहे," भाऊ म्हणाले.

"लग्न ब्लॅक अँड व्हाइट काढू, भाऊ."

"नवरी काळीपांढरी अन् झाडं रंगीत? मले गावात राहू देशील का नाही?"

काकू बाकावरूनच बोलल्या, "नवरी पुढच्या महिन्यातबी तशीच दिसन, भाऊ. माह्या बागेचं फूल आठ दिवसांत गळून जाते."

भाऊंनी कपाट उघडलं. रोल माझ्या हातात देताना म्हणाले, "ठेकेदार आला तं तूच बोलजो त्याच्यासंगं. मी दुकानात नाही."

आता खरा पेच. नुसता फुललेल्या बागेचा फोटो नेला असता तर खात्याचे साहेब म्हणाले असते, ही दुसरीच बाग आहे. तेव्हा जिथून त्यांनी फोटो काढला, नेमक्या तिथूनच मला काढायचा होता. लेन्स वेगळी असली तरी चालते, फोटो लहानमोठा करता येतो. जागा चुकली तर मात्र सगळं चुकतं.

जागा शोधायची युक्ती सोपी आहे, कुणालाही जमेल. फोटोत एक जवळची वस्तू आणि एक लांबची वस्तू अशी जोडी बघायची, जी एकमेकींना चिकटलेली दिसते. पुस्तिकेतल्या फोटोत विहिरीचा दगडी खांब बरोबर मागच्या डोंगराच्या खाचेत बसला होता. बागेत जाऊन मी तो खांब खाचेत बसेपर्यंत सरकत राहिलो. पण खांब आणि खाच एकाच रेषेवर धरून पुढेमागे कितीही चालता येतं. म्हणून दुसरी जोडी लागते. विजेचा पोल आणि बांधावरचं एकटं शिंदीचं झाड. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे तो जीपवाला होता.

मी पुस्तिका डोळ्यांसमोर धरून आडवा चालत होतो, ढेकळांत ठेचकाळत होतो. शेवंताकाकू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बघत होत्या.

"काऊन रे, खेकड्यासारखा काऊन चालून राहिला?"

"जागा शोधतो, काकू."

"जीप त्या आंब्याखाली होती. मी होती ना इथं."

"तुम्ही सांगून चालत नाही. डोंगरानं सांगायला पाहिजे."

"वा रे वा. माह्यावर इस्वास नाही, डोंगरावर आहे."

दोन्ही रेषा जुळल्या, आणि जुळल्या कुठे, तर आंब्याच्या सावलीच्या कडेला. काकूंनी धुऱ्यावरूनच आंब्याकडे बोट केलं. मला नाचावंसं वाटत होतं. पण व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर काट्याचं कुंपण आडवं आलं. पुस्तिकेतल्या फोटोत कुंपणाच्या पलीकडची झाडं दिसत होती. तो बॉनेटवर उभा होता हे मी विसरलो होतो. जीप कुठून आणणार? काकूंनी बैलबंडी आणवली, तिच्यावर तुराटीच्या पेंढ्या रचल्या, आणि मी वर चढलो. खाली सगळा कडकडाट, वर मी डुलतोय. खांब खाचेत बसला. पोल शिंदीला चिकटला. आणि समोर ती बाग! त्या वासाचा फोटो निघत नाही याचं मला आजही वाईट वाटतं. मधमाश्यांचा आवाज बंडीवर येत होता. पानं काळपट हिरवी, त्यांवर फुलं अशी की खारीक-खोबऱ्याच्या ताटात खडीसाखर उधळावी.

"आता मी हटू का?" काकूंनी खालून विचारलं.

"नाही. आता तुम्ही झाडाजवळ जाऊन उभ्या राहा. मधोमध."

काकूंनी पदर नीट केला आणि बागेत जाऊन उभ्या राहिल्या, लग्नाच्या फोटोत राहतात तशा, ताठ. मी सगळा रोल संपवला.

रोल धुवायला नागपूरलाच द्यावा लागतो. तो घेऊन मी गाडीत बसलो. लॅबवाल्याला पुस्तिका दाखवली आणि सांगितलं, डोंगराची रांग या रांगेएवढी येईल असा मोठा करा. त्याला ते पटायला दोन चहा लागले.

सभा गावच्या शाळेत झाली. खात्याच्या साहेबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"रंगीन फोटो में तो सब हरा ही दिखता है."

"साहेब, रंगीत फोटोत वाळलेली तुराटी हिरवी दिसते का?" मी म्हणालो. मागून कुणीतरी हसलं.

"और यह वही बगीचा है, इसका क्या सबूत?"

हाच प्रश्न मला हवा होता. मी ट्रेसिंग पेपर पुस्तिकेतल्या फोटोवर ठेवला आणि पेन्सिल त्यांच्याकडे केली. "तुम्हीच काढा साहेब. डोंगर, खांब, पोल, शिंदी. माझा हात लागायला नको."

त्यांना नाही म्हणता येईना. अख्खं गाव टेबलाभोवती जमलं होतं. साहेबांनी डोंगराची रेघ ओढली, खांब काढला, बाकीचं काढलं. मग मी म्हणालो, आता तो कागद माझ्या फोटोवर ठेवा. त्यांनी ठेवला. थोडा सरकवला. रेघ डोंगरावर बसली, खांब खांबावर, शिंदी शिंदीवर. त्यांच्याच पेन्सिलीच्या रेघांखाली बाग फुललेली होती.

साहेबांचं बोट रेघांवरून सरकत मधोमध उभ्या काकूंवर आलं. मग म्हणाले, "फोटो में इस बाई को क्यों खड़ा किया?"

"माह्या बागेत मी नाही उभी राहीन तं कोन, तुमची जीप?" काकू म्हणाल्या.

आठवड्यात खात्याचं पथक परत आलं. या वेळी पायी आलं, आणि त्यांनी काकूंना विचारून विचारून बाग पाहिली. गोदामं आता गावापलीकडच्या मुरमाड माळावर व्हायची आहेत, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही. काकूंची आणि शेजारची बाग घ्यायच्या जमिनींच्या यादीतून निघाली. ठेकेदाराच्या पोरीचं लग्न काळंपांढरं झालं. ठेकेदार गजाननभाऊंशी अजून बोलत नाही.

कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. मान्य. पण तो महिना सांगत नाही, आणि कुणाला बाजूला व्हायला सांगितलं तेही सांगत नाही.

ती पुस्तिका खात्याने मागे घेतलेली नाही. तिच्यात इतर गावांचेही फोटो आहेत, एकाही फोटोखाली महिना नाही, एकाही फोटोत माणूस नाही. ती तुमच्या ग्रामपंचायतीत पडलेली असणार. उद्या सकाळी जा, मागून घ्या, आणि तुमच्या शिवाराचा फोटो निघाला तर तो हातात धरून त्याच जागेवर जाऊन उभे राहा. आज तिथे काय उभं आहे, कोण राबतंय, ते बघा आणि सभेत उठून बोला. तोपर्यंत जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.