रीळ बदलेपर्यंत

आमच्या जुन्या सिनेमांच्या महोत्सवात प्रोजेक्टर एकच असतो. दुसऱ्याचं भाडं परवडत नाही. त्यामुळे रीळ संपलं की पडदा पांढरा होतो, दिवे लागतात आणि पुढचं रीळ चढेपर्यंत सगळे थांबतात.

काल सिनेमातल्या दाराची कडी वाजली, नायिका उघडायला उठली आणि नेमकं रीळ संपलं. शेजारी बसलेले आमचे एक देणगीदार माझ्याकडे वळले. "अहो, हाच सिनेमा मोबाइलवर फुकट दिसतो. हॉलचं भाडं, हक्कांचे पैसे, रिळांच्या पेट्यांची हमाली, हवंय कशाला? लष्कराच्या भाकऱ्या भाजताय नुसत्या."

भाजतोय. पदरमोड करून भाजतोय आणि पुढच्या वर्षीही भाजणार. देवापुढे समई लावताना कुणी म्हणत नाही, ट्यूबलाइट स्वस्त पडते. फुकटचा सिनेमा माणूस एकटा बघतो आणि जांभई आली की बंद करतो. इथे पांढऱ्या पडद्यासमोर अनोळखी माणसांत चिवड्याचा डबा फिरत होता आणि दारात कोण असेल यावर वाद रंगला होता.

वरच्या खिडकीतून ऑपरेटर ओरडला, "फिल्म तुटलीय, जोडतोय! वेळ लागेल!"

देणगीदार उठले. पुढच्या रांगेतल्या एक बाई मान वर करून म्हणाल्या, "सावकाश जोडा हो. तिनं दार उघडल्याशिवाय आम्ही काही हलत नाही."

देणगीदार दोन पावलं गेले, घुटमळले, परत आले आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "दारात आहे तरी कोण?"

"सांगणार नाही," मी म्हटलं. "बसा."