दोन पाळ्यांच्या मधले दिवस

वच्छावहिनी गजरा माळायची तो महिन्यातून एकदा, आणि तोही शुक्रवारीच. मी लग्न होऊन निजामपुऱ्यात आले, तेव्हा तिच्या नि माझ्या खोलीच्या मधे नुसता पत्रा होता. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. एरवी ती खटखट अंगात इतकी मुरलेली, की थांबली की कानांना दडे बसायचे. त्या शांततेत पलीकडून वहिनीच्या बांगड्या ऐकू यायच्या. न्हाऊन, केस विंचरून, सासूला कोनगावाला लेकीकडे धाडून ती दार लावून घ्यायची. बाकीच्या शुक्रवारी मात्र आमच्यासारखीच पदर खोचून गोधड्या धूत बसलेली.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. तिचा नवरा, त्याला आम्ही भाऊ म्हणायचो, लूमवर कामाला. त्याच्या शेठकडे चार आठवडे दिवसपाळी, मग चार आठवडे रातपाळी, आणि बदल व्हायचा तो शुक्रवारी. तोच हिचा शुक्रवार. इतर दिवशी ताकद वाया जाते म्हणून ती त्याला जवळ फिरकू द्यायची नाही. भाऊ धुसफुसायचा, पण हिच्यापुढे कुणाचं चालतंय! "पाळी चुकवायची न्हाय," हे तिचं पालुपद. नळावर, रेशनच्या रांगेत, कुणी मागे रेंगाळलं की हेच ऐकवायची. आम्ही नव्या सुना तोंडाला पदर लावून हसायचो, कारण आमच्या लेखी पाळी चुकणं म्हणजे गोड बातमी. ती आपली आमच्या तोंडाकडे बघत राहायची. हसतोय कशाला, ते तिला कळायचंच नाही.

तिला मूल हवं होतं, बाकी काही म्हणजे काही नको होतं. सासूनं तोंडावर सांगून ठेवलेलं, पाळणा हलला नाही तर कशेळीची पोरगी बघून ठेवलीय. आणि तो शुक्रवार गेला, की आठवडा संपायच्या आत वहिनी दारापाशी गोणपाटावर बसलेली दिसायची. "कावळा शिवला गं," म्हणायची. "लगेच जबाब येतो बघ देवाचा. चार दिस आशा पन धरू देत न्हाय." एरवी तिच्या मांडीवर हक्कानं टाकायचे ते माझं पोर मला त्या दिवसांत उचलून घ्यावं लागायचं, तेव्हा तर मान वर करवत नसे.

एका शुक्रवारी दुपारी ती गजऱ्यासकट माझ्या दारात येऊन उभी राहिली. "सुमे, पोर रडतंय का तुझं?" माझं पोर माझ्या पायावर गाढ झोपलेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग बाहेर गल्लीकडे. "लूम थांबले का मला ऐकू येतं," ती म्हणाली, "एरवी त्या आवाजात दबून जात असंल." मी पोराला पदराखाली ओढलं. ती मात्र शांतपणे परत गेली.

शेवटी कशेळीची पोरगी आलीच. वर्षाच्या आत तिला मुलगा झाला. तिचं बाळंतपण केलं कुणी, तर वहिनीनं. भाऊ तेव्हापासून खाली मान घालून जेवायचा.

पुढे नव्वदनंतर एकदा बालवाडीत आरोग्याची माहिती द्यायला एक कार्यकर्ती आली. वहिनीचा कावळा तोवर कायमचा उडून गेला होता, तरी ती माझ्यासोबत आली. पोरगी धीट होती, चित्र लावून सरळ बोलत होती. पाळी येऊन गेली की आत नवं बीज पिकतं. पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी ते सुटतं. तो दिवस आणि त्याआधीचे चार-पाच दिवस, मूल राहायचे ते हेच. प्रत्येकीचं थोडं मागेपुढे असतं, पण पाळी तोंडावर आली की वेळ टळून गेलेली असते.

मागून वहिनीचा आवाज आला, "म्हंजे शुक्रवार न्हाय?"

बायका खो खो हसल्या. वार नसतो मावशी, असं कार्यकर्तीही हसूनच म्हणाली. घरी येताना वहिनी मधेच थांबली.

"दवाखान्यातल्या नर्सबाईनं मला हेच सांगितलेलं गं. दोन पाळ्यांच्या मधले दिवस धर, म्हनाली. आमच्यात कावळाच म्हनतात. मला पाळी म्हंजे लूमची ठावी. दिवसपाळी आन् रातपाळी. मधला दिवस शुक्रवार."

दोष आणखीही कुठे असेल, मी काही डॉक्टर नाही. पण दर चार आठवड्यांनी, त्या शुक्रवारामागून चार दिवसांत येणारा तो जबाब मी या डोळ्यांनी पाहिला होता. कसला देव नि कसलं काय, बीज तर केव्हाच सुटून गेलेलं असायचं. आणि हे सगळं एका शब्दापायी! तो शब्द अजूनही माझ्या तोंडून सरळ निघत नाही.

त्यानंतर वहिनी पुन्हा गजरा माळायला लागली, पिकल्या केसांत, आणि आता दर शुक्रवारी. फक्त दार लावून घेईना, सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसायची. न राहवून मी विचारलं, आता कशाला गं वहिनी हे?

"चुकलं ते माझं," ती म्हणाली. "त्या पोराचं काय चुकलं? आलं आन् दार बंद दिसलं तर?"

ती गेली त्यालाही आता बरेच दिवस झाले. मधला पत्रा जाऊन विटांची भिंत आली. शुक्रवारी लूम थांबले की मी हातातलं काम ठेवते. ऐकू काही येत नाही, खरंच सांगते. तरी उठते आणि दार उघडून ठेवते.