बारकीला गाडी लागते

आमच्या गावात गाडी चालवणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या शेजारी कधी ना कधी माझा भाऊ बसलेला आहे. सव्वीस वर्षं तो ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. लोक त्याला मास्तर म्हणतात, मी दादा म्हणते. शाळेचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली छोटी गाडी, जिच्यात दादाच्या पायाशीही एक ब्रेक बसवलेला आहे. मी तिथे फॉर्म भरून घेते, फोन उचलते आणि दादा ज्यांच्यावर ओरडला असेल त्यांची समजूत काढते. हे तिसरं काम सगळ्यात मोठं. दादा घरातही गाडीत बोलतो तसाच बोलतो. वहिनी ताटं घेऊन वळली की हा जेवता जेवता म्हणणार, "मागे बघून."

अशा माणसाच्या पोटी बारकी आली. बारकी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. नाव बारकी, उंची बापापेक्षा दोन बोटं जास्त. तिला गाडी लागते. बस, टॅक्सी, कुणाचीही, कसलीही. सात वर्षांची असताना तिने दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या नव्याकोऱ्या गाडीत दोनदा उलटी केली आणि दादाने निकाल देऊन टाकला की या पोरीचं आणि गाडीचं काही जमायचं नाही. तिनेही ते मान्य केलं. कॉलेजला सायकलने गेली, नोकरीही चालत जाता येईल अशीच धरली, चष्म्याच्या दुकानात. लांब जायचंच झालं तर पिशव्या, लिंबू, खिडकी आणि वहिनीचा हात.

त्या दुकानात काचा पोचवायला एक मुलगा यायचा. काचा फुटू नयेत म्हणून तो फार वेळ थांबून एकेक तपासून द्यायचा, तेव्हाच मला कळायला हवं होतं. लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण गाव डोंगरापलीकडे. चाळीस किलोमीटर आणि घाटात बत्तीस वळणं. हॉलही त्यांनी तिकडेच घेतला.

दोन्ही घरांच्या पहिल्या जेवणाला त्यांनी आमच्यासाठी मोठी गाडी पाठवली. काचा बंद, आत गारवा आणि पुढे अत्तराची बाटली. सव्वा तासाने बारकी उतरली ती माझ्या खांद्यावर. दोन तास त्यांच्या आतल्या खोलीत पडून होती. तिची होणारी सासू मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मुलीला दुसरं काही नाही ना?" तिच्या मनात खोट नव्हती. तिच्या जागी मीही असंच विचारलं असतं. पण भिंतीपलीकडे बारकी जागी होती.

घरी आल्यावर ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, लग्नाच्या दिवशी मी त्या हॉलमध्ये माझ्या पायांनी चालत जाणार. परत तिथे आजारी होऊन उतरायचं असेल तर मला हे लग्न नको."

बारकी उगाच बोलणाऱ्यांतली नाही. दादाचा चेहरा उतरला. लग्नाला सात आठवडे होते.

आदल्या दिवशी जाऊन राहू म्हटलं तर हॉलच्या खोल्या दुसऱ्या लग्नाला गेलेल्या, आणि लग्नाआधी सासरी जाऊन पडायला बारकी तयार नव्हती. डॉक्टरांनी गोळी दिली. ती घेऊन पोरगी भरदुपारी अशी झोपली की हलवूनही उठेना. मोटारसायकलचं मी नाव काढताच दादाने हात जोडले, त्या घाटात मालट्रक असतात. मग दादा गाड्यांच्या मागे लागला. दर रविवारी एक गाडी मागवायची, बारकीला बसवायचं आणि घाट चढायचा. मऊ स्प्रिंगांच्या टॅक्सीत तिला पाचव्या वळणावर उलटी झाली. मिनीबसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवली तर अकराव्या. दादाच्या मित्राच्या उघड्या जीपमध्ये आम्ही तिघंही धुळीने माखलो आणि चौदाव्या वळणावर उतरलो. दादा म्हणाला, सुधारणा आहे. बारकीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच जीप घराकडे वळवली.

तीन रविवार संपले. सोमवारी ऑफिसात पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई गाडी शिकायचा फॉर्म भरायला आल्या. वय त्रेसष्ट. दादा शिकायला येणाऱ्याला दोनच गोष्टी विचारतो, उंची किती आणि वेळ कोणती. मला मात्र चौकशा करायची खोड. या वयात कशाला हो शिकता, मी विचारलं.

"मला गाडी लागते ना," त्या म्हणाल्या. "लेकीकडे जायचं म्हटलं की आठवडाभर आधी पोटात गोळा. मागच्या महिन्यात जावयाने मोकळ्या माळावर गंमत म्हणून स्टिअरिंग हातात दिलं, तर काही म्हणजे काही झालं नाही. चालवणाऱ्याला लागत नाही म्हणे."

दादा दारात गाडीची काच पुसत होता. त्याचा हात थांबला. बाईंना त्याने उद्याची वेळ दिली आणि गाडीचं दार उघडं टाकून तो चक्क घराकडे चालू लागला. गाडीचं दार उघडं टाकणारा माझा भाऊ मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी कुलूप लावून मागोमाग पोचले तेव्हा तो बारकीपुढे फॉर्म धरून उभा होता आणि वहिनी दोघांकडे वेड्यांकडे बघावं तशी बघत होती.

शिकाऊ परवाना आठवड्यात हातात आला. पहिले दोन दिवस मैदानावर दादा नेहमीसारखा ओरडला. तिसऱ्या दिवशी बारकीने गाडी मधेच थांबवली आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, बाकीच्यांवर तुम्ही फी घेऊन ओरडता. मी फी दिलेली नाही." त्यानंतर तो ओरडला नाही, हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. बारकीला मळमळलं नाही, पण मैदान म्हणजे घाट नव्हे.

लग्नाला दहा दिवस असताना आम्ही घाट धरला. मी मागे पिशवी उघडून तयारच. पाचवं वळण गेलं, अकरावं गेलं. चौदाव्यावर आम्ही तिघांनीही श्वास रोखला आणि ते सुद्धा मागे पडलं. विसाव्या वळणावर चढावर पुढचा ट्रक थांबला. बारकीची गाडी बंद पडून मागे घसरायला लागली. दादाने आपला ब्रेक दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला नाही जमणार, ती म्हणाली. दादा एवढंच म्हणाला, "पुन्हा." तिसऱ्या खेपेला ती चढली. त्या दिवशी घरी येऊन तिने दोन माणसांचं जेवण केलं.

वहिनीला मात्र हे पसंत नव्हतं. नवरी ड्रायव्हर होऊन जाणार, तीही लाल अक्षराची शिकाऊ पाटी लावून. दादाने समजावलं की परवाना आहे, शेजारी मास्तर आहे, पाटी आहे, सगळं कायद्यात बसतं. "कायद्यात बसतं, चार लोकांत बसत नाही," वहिनी म्हणाली आणि पाहुण्यांच्या बसमध्ये जाऊन बसली. पण त्याआधी सीटवर स्वच्छ चादर तिनेच अंथरून ठेवली होती.

बारकी लग्नाच्या कपड्यांत, पायात सपाट बूट. दादा नव्या शर्टात, ताठ. मी मागे, मांडीवर तिच्या सामानाची पेटी आणि बाजूला लिंबू, पिशव्या, पाणी. ती इतकी सावकाश चालवत होती की घाटात आमच्यामागे गाड्यांची ही रांग लागली. हॉर्नवर हॉर्न. एरवी दादा उतरून भांडला असता. त्या दिवशी त्याने खिडकीतून हात काढून सगळ्यांना हसतमुखाने पुढे जाऊ दिलं. बारकी वळणं जरा हिसक्याने घेत होती. सव्विसाव्या वळणावर माझ्याच पोटात ढवळलं आणि तिच्यासाठी आणलेली पिशवी मी वापरली. पुढच्या दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. दादा म्हणाला, नजर रस्त्यावर.

हॉलच्या फाटकात सासूबाई चार बायकांसोबत उभ्या होत्या. लाल पाटी पाहून त्यांना वाटलं, कुणीतरी शिकाऊ वाट चुकलाय, आणि त्या हाताने बाजूला हो म्हणून खुणावू लागल्या. मग काचेतून नवरीचा चेहरा दिसला. त्या धावत आल्या, सवयीने मागचं दार उघडलं आणि आत मी, हिरवीनिळी. तोवर बारकी पुढून उतरली होती. कपडे सारखे केले, केस कानामागे घेतले आणि सरळ चालत त्यांच्यापर्यंत गेली.

"आई, आत्याला जरा पाणी द्याल का? तिला गाडी लागली."

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग हसल्या आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. पोट अजून घाटातच होतं, ते सोडा.

दादा गाडीतून उतरलाच नाही. गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसला होता. मी काच वाजवली. "सतरा वर्षं," तो म्हणाला. "सगळ्या गावाला शिकवलं आणि हिलाच मी मागे बसवून ठेवलं." मी म्हटलं, तू मोठा भाऊ असलास तरी मूर्ख आहेस, आता उतर, लोक वाट बघतायत. एवढं बोलले आणि त्याच्या बाजूचं दार उघडून धरलं.

लग्न झालं, जेवणं झाली, ऊन कलायच्या सुमारास निघायची वेळ झाली. जावईबापूंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. फुलं लावलेली गाडी दारात आली. जावईबापूंनी मागचं दार उघडून धरलं. सासूबाई आधीच आत बसल्या होत्या. बारकीने एक पाय आत टाकला आणि थांबली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दादाच्या आलं. दिवसभर मुलाकडचे म्हणतील त्याला मान डोलावणारा हा माणूस पुढे झाला.

"जावईबापू, तुमच्याकडे परवाना आहे ना?"

आहे, ते गोंधळून म्हणाले.

"मग चावी तिला द्या आणि तुम्ही शेजारी बसा."

आमच्या गाडीची पाटी त्याने स्वतः सोडली आणि त्या फुलांमध्ये नीट घट्ट बांधली. जावईबापूंनी हसत चावी पुढे केली. बारकीने सीट ओढली, आरसा बघितला, बापाकडे बघितलं नाही. बरं केलं. गाडी एकदाही बंद न पडता निघाली, कोपऱ्यावर पोचली आणि वळून दिसेनाशी झाली.

"इंडिकेटर वेळेवर दिला," दादा म्हणाला, आणि वहिनीच्या आधी तोच रडायला लागला.