लोखंडी हाताचा पहिला घास

एल आल्तो शहराच्या बाजारात फोर्तुनाता कोल्केची ख्याती होती, की ती मेलेला रेडिओ बोलता करते. स्वतःची लेक, वारा, मात्र तिला दुरुस्त करता आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी वारा छपरावर अँटेना फिरवत होती. खालून, टीव्हीवरची नजर न काढता, आई सांगत होती, "थोडं डावीकडे. अजून थोडं." वारा सरकली आणि छप्पर संपलं. तेव्हापासून तिची हलते ती मान आणि डावा पंजा. घास तोंडापर्यंत जात नाही. आई भरवते, वीस वर्षांची पोर डोळे गच्च मिटून गिळते.

म्हणून फोर्तुनाताने हात बांधला. भंगारातल्या मिनीबसच्या वायपरच्या मोटारी, पलंगाचे पाइप, टोकाला चमचा. आणि वाराच्या पंजात मावेल असा दुसरा, वीतभर हात; त्याच्या सांध्यांत जुन्या रेडिओंची आवाजाची बटणं. धाकटा वळेल तसा थोरला वळायचा.

"जत्रेतल्यासारखं का गं, आई?" वारा म्हणाली. "चिमुकलं घर घेतलं की वर्षात मोठं मिळतं? मग चिमुकले पायही आणायचेस."

पहिल्या घासाच्या दिवशी दीर सेवेरो बाटली घेऊनच आला. नवं यंत्र पाचामामाला, धरणीमातेला, घोट न देता कोण सुरू करतं?

"काका, माझ्यावरही शिंपडा. मीही आता यंत्राचाच भाग."

"जीभ तेवढी शाबूत राहिली हिची," सेवेरो हसला आणि मोटारींवर, जमिनीवर दारू शिंपडत सुटला. "वहिनी, तो धाकटा इकडे आणा."

"त्याच्यावर मी शिंपडते," म्हणत फोर्तुनाताने बाटली घेतली आणि पाठ फिरवली. धाकटा शालीत दडवला, दारू जमिनीवर ओतली. बटणांत ओल गेली तर काय होतं, ते तिला ठाऊक होतं.

सुपाचा वाडगा आला. चमचा बुडाला, वर आला, थरथरत वाराच्या हनुवटीपर्यंत पोचला. वाराचे डोळे उघडे होते. गुडघ्यांवर बसलेल्या फोर्तुनाताला राहवलं नाही.

"थोडं डावीकडे. अजून थोडं."

चमचा थांबला. मग अख्खा पाइप गर्रकन डावीकडे फिरला आणि आईच्या कानशिलावर बसला. ती कोलमडली. सूप अंगावर सांडलं, कानातून रक्त आलं.

"अरे देवा, धाकट्यात दारू गेली!" सेवेरो ओरडला. "माझंच चुकलं, वहिनी."



तो गेल्यावर फोर्तुनाताने धाकटा हात उघडला. निदान एक थेंब तरी गेला असेल. प्रत्येक बटणाला कापूस लावून पाहिला. कोरडा. शेवटचं बटण तिने दोनदा पुसलं. मग स्क्रू आवळले आणि हात पुन्हा लेकीच्या पंजात ठेवला.

"सूप गरम करून आणते."

"आणि तू कुठे बसणार?"

"इथेच, तुझ्याजवळ."

"थोडी डावीकडे बस," वारा म्हणाली.

फोर्तुनाताने स्टूल डावीकडे सरकवलं.