हंगेरियन गाण्यांचे मंगळवार

२००३च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात माझं जग अपार्टमेंटच्या दोन खोल्यांएवढं होतं. नागपूरला मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि त्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. गाडी एकच, ती सकाळी त्याच्याबरोबर ऑफिसला जायची. मी खिडकीतून पार्किंग लॉटमधला बर्फ ढकलणारा ट्रक बघत बसे.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहायची. लॉन्ड्री रूममध्ये माझं गुणगुणणं ऐकून ती म्हणाली, "मंगळवारी चल माझ्याबरोबर. आमच्या क्वायरला खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका हव्यात."

चर्चच्या तळघरात समूहगानाच्या तालमीला तीसेक माणसं जमली होती. गाणी बसवणाऱ्या बाई सत्तरीच्या, मूळच्या हंगेरीतल्या. तिकडची लोकगीतं चार वेगवेगळ्या आवाजांसाठी बांधलेली. शेजारची माणसं भलतंच काही गात असतात आणि आपण आपली ओळ सोडायची नाही, हे मला नवीन होतं. पहिले दोन मंगळवार मी वरच्या पट्टीवाल्यांमागे वाहवत गेले.

सगळ्यांचं घोडं अडायचं ते भाषेपाशी. 'एस' दिसला की 'श' म्हणायचं, 'एस-झेड' दिसलं की 'स'. मी आपली गाण्याचे शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट देवनागरीत उतरवून घेत होते. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"माझी लिपी."

"वाच."

मी वाचलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "पुढच्या वेळेपासून उच्चार तू घ्यायचे," एवढंच म्हणाल्या.

मग दर मंगळवारी पंधरा मिनिटं मी पुन्हा वर्गासमोर उभी राहू लागले. उरलेले सहा दिवस त्या पंधरा मिनिटांची वाट बघण्यात जायचे.

मार्चमध्ये नवरा म्हणाला, "इथलं प्रोजेक्ट संपलं. दहा दिवसांत सांता क्लाराला शिफ्ट व्हायचंय."

"कॉन्सर्ट तीन आठवड्यांनी आहे. मी मागून येते."

"एकटी? अगं, घराची लीज संपतेय. आणि तुझं व्हिसाचं स्टेटस माझ्यावर आहे, विसरलीस का?"

तो चिडून बोलला नव्हता. जे होतं तेच बोलला, म्हणून जास्त लागलं. शेजारणीने तिचा सोफा देऊ केला. दहाव्या दिवशी नवरा सामान भरून गेला. मी राहिले.

कॉन्सर्टमधलं शेवटचं गाणं नदीपार दिलेल्या मुलीचं होतं. ती नावाड्याला म्हणते, मला परत ने. तो वल्हं उचलत नाही. तिसऱ्या कडव्यात माझी ओळ सुटली. शेजारच्या बायका गात राहिल्या आणि पुढच्या ओळीला मी त्यांना गाठलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाईंनी नंतर माझे दोन्ही हात धरले. "मी आले तेव्हा आम्ही दोनच वर्षांसाठी आलो होतो," त्या म्हणाल्या आणि फायली गोळा करायला वळल्या.

सांता क्लाराला बर्फ नव्हता. गाडी मात्र तिथेही एकच होती. मी तीन क्वायरना फोन केले. तालीम संपल्यावर परत यायला एकाही ठिकाणाहून बस नव्हती.

माझं वर्क परमिट २००७ साली आलं. पाकीट नवऱ्यानेच उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मला आनंद झाला, पण लगेच नाही; आधी मधली चार वर्षं आठवली.