वाघोबा येत आहेत, शेळ्या घेऊन या

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. चहा तेवढा खाली ठेवा, ठसका लागेल.

मी आमच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर. कोरीटच्या पुढचं गाव, फारसं काम नाही. मग बसल्या बसल्या मी ब्राउझर सजवायला लागलो. आधी थीम बदलली. सारंगखेड्याच्या यात्रेत मी स्वतः काढलेला पांढऱ्या घोड्याचा फोटो मागे लावला. मग बटणं गुलाबी केली. मग माउसचा बाण काढून तिथं भिंगरी बसवली. नवरदेवाच्या गाडीला लाजवेल असा ब्राउझर झाला हो!

इथं थांबलो असतो तर? पण नाही!

एक ॲड-ऑन सापडलं. पानावरचा कुठलाही शब्द बदलून आपल्याला हवा तो दाखवतं. आमच्या ईमेलमध्ये ओळीओळीला 'साहेब'. साहेब येणार, साहेब विचारणार, साहेब रागावणार. मी त्या जागी टाकला 'वाघोबा'. आता ईमेल वाचायला काय मजा यायची! 'वाघोबा दौऱ्यावर आहेत.' 'वाघोबा जेवायला थांबतील.' एकटाच हसायचो.

अशातच शेजारच्या गावात शेळ्या पटापट मरायला लागल्या. साथ होती. पशुवैद्यकीय साहेब लस टोचायला येणार, असा ईमेल आला. मी घाईत होतो. न वाचताच त्या पानाची प्रिंट काढली, बोर्डावर चिकटवली, गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो, तर गल्ली सामसूम! दारं बंद. माणसं घरांच्या धाब्यांवर चढलेली, हातात काठ्या. सखाराम आबा तर पोटाशी करडू धरून पाण्याच्या टाकीवर!

"आबा, काय व्हयनं?"

"आरे, वाघ यी ऱ्हायना! पय! सरकारी नोटीस शे!"

सरकारी? वनखात्यानं सोडला की काय वाघ? कसाबसा ऑफिसात घुसलो, आतून कडी लावली आणि टेबलाखाली शिरलो.

कोणती नोटीस, कोणी लावली, हा विचार आला का डोक्यात? छे हो!

थोड्या वेळानं बाहेर गुरगुर ऐकू आली. मग दारावर धाडकन थाप!

"दार उघडा!"

मी ओरडलो, "कोणी उघडू नका! वाघ दाराशी आहे!"

"अहो, मी साहेब आहे! पशुवैद्यकीय!"

गुरगुर होती ती जीपची. दार उघडलं. साहेब लालबुंद. हातात बोर्डावरून फाडून आणलेली नोटीस.

"हे काय आहे? वाचा. मोठ्यानं वाचा!"

मी वाचायला लागलो. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, मोठे वाघोबा उद्या सकाळी गावात येत आहेत. सर्वांनी आपापल्या शेळ्या घेऊन हजर राहावे. वाघोबा स्वतः प्रत्येक शेळी तपासून पुढील कार्यवाही करतील. लहान करडांना... आधी आणावे."

हे मी लावलं होतं? मी?

"शेळ्या दोरीनं बांधून आणाव्यात," साहेबांनीच पुढचं वाचलं, "म्हणजे वाघोबा यांना त्रास होणार नाही. वा! गावात एक शेळी दिसत नाहीये मला. साथ दाराशी आली आहे, कळतंय का?"

मग काय! साहेबांच्या पुढे मी, गल्लोगल्ली बोंबलत. "वाघ नाही हो, साहेब आलेत! शेळ्या काढा!"

कमलबाईनं खिडकी किलकिली केली. "तूच लिखं ना, नहानला पिल्लं आगुदर आना म्हनीसन? सरम नई वाटनी तुले?"

"मावशी, ते चुकून झालं!"

"चुकीसन कोनी वाघले जेवाले बलावस का?"

शेवटी साहेबांनी स्वतः तिच्या दारात उभं राहून सुई दाखवली, तेव्हा पलंगाखालून दोन शेळ्या निघाल्या. मग धान्याच्या कोठीमागून, न्हाणीतून, माळ्यावरून... दुपारपर्यंत गावातल्या जवळजवळ सगळ्या शेळ्यांना लस मिळाली. साहेबांनी घाम पुसला.

"तुमची शेळी कुठाय?"

घरी आलो, साहेब नि गावकरी मागोमाग, तर दाराला कुलूप! दावणीला शेळी नाही, घरात बायको नाही! फोन लावला.

"कुठं आहेस तू?"

"माहेरले उनू. बकरी लई उनू. नोटीस वाची नि तुम्ही गयात की लगेच रिक्षा करी."

"अगं, वाघ येणार असं वाटलं तुला, मग मला का नाही सांगितलंस?"

फोन स्पीकरवर होता. साहेब ऐकत होते, आबा ऐकत होता, अर्धं गाव ऐकत होतं.

"सांगतू तं तुम्हीबी येतात! रिक्षामां दोन जणस्नीच जागा व्हती," बायको म्हणाली, "आनि बकरी गाभण शे ना!"