फळीवरचे शाफ्ट

बिडकीनजवळच्या आमच्या कारखान्यात लेथवर एक जुने टर्नर आहेत; ते ड्रॉइंगवरचे आकडे नंतर वाचतात. आधी शाफ्टची जाडी जिथं बदलते, त्या कोपऱ्यावर नख फिरवतात, कागदावरच. लेथमागच्या फळीवर त्यांनी तुटलेले शाफ्ट मांडलेत, तुटलेलं तोंड आपल्याकडं. "बघा साहेब, सगळे कोपऱ्यातच गेले. फिरणाऱ्या लोखंडाला काटकोन सोसत नाय."

कडबाकुट्टीच्या शाफ्टला मी काटकोनच दिला होता. त्यांनी न विचारता तिथं गोलाई ठेवली. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "डिझाइन माझं आहे, तुम्ही फक्त कापा." "व्हय साहेब," म्हणाले आणि दुसरा शाफ्ट ड्रॉइंगबरहुकूम करून दिला.

तो चाचणीतच तुटला. नशीब, चारा घालणाऱ्याचा हात आत नव्हता. मी तुकडा घेऊन गेलो, तर त्यांनी कपाटातून तेल लावून कागदात गुंडाळलेला पहिला शाफ्ट काढला. "ठेवला होता. लागंल म्हणलं."

माझा तुकडाही आता फळीवर आहे, पण तोंड भिंतीकडं. परवा नव्या इंजिनिअरनं माझ्यासमोरच त्यांना विचारलं, "हा एकटाच उलटा का? कुणाचं डिझाइन?"

"असंल कुणाचं तरी," म्हणाले, आणि लेथ चालू केलं.